उदगीरचा रविवार

पानगावला गाडी थांबली तेव्हा दारातून आधी हरभऱ्याच्या डहाळ्यांचा भारा आत आला, आणि त्याच्यामागून पिवळं काठापदराचं लुगडं नेसलेली एक बाई.

"धरा हो दादा जरा," म्हणत तिनं तो भारा सरळ ह्यांच्या अंगावर ढकलला. ह्यांनी तो बाकाखाली सारला, तिला हात देऊन वर घेतलं आणि स्वतःची जागा तिला देऊन हे समोरच्या बाकावर अंग चोरून बसले.

हे म्हणजे माझे यजमान, वैजनाथ सोनपेठकर. परळीच्या थर्मल वीजकेंद्रात नोकरीला होते. दीड वर्षापासून आमचा दर रविवारचा शिरस्ता होता. सकाळची पॅसेंजर धरायची, दिवसात परत येता येईल असं गाव निवडायचं आणि तिथलं जे काही जुनं असेल ते बघून यायचं. घाटनांदूरला उतरून टमटमनं धर्मापुरीचा किल्ला बघून झाला होता. पानगावच्या विठ्ठलाच्या देवळाच्या भिंतीवर कोरलेल्या बायका बघून झाल्या होत्या. गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर तर आम्ही दोनदा बसून आलो होतो. ह्यांना इतिहासाची फार गोडी होती असं नाही. एका रविवारी उठून म्हणाले, "प्रभा, आपण बाहेर जात जाऊ." मी हो म्हटलं. रविवारी घरात बसवत नव्हतं. मलाही नाही आणि त्यांनाही नाही.

गाडीत मी खिडकी धरायची. ज्वारीची रानं, पळसाची झाडं, काळ्या जमिनीतून वर आलेले दगड बघत राहायची. हे दोन-तीन बाक पलीकडे जाऊन कोणाशी तरी गप्पा मारत बसायचे. आठवडाभर घरात मुका असणारा माणूस गाडीत एवढं काय बोलतो, याचं मला नवल वाटायचं. पण बरंही वाटायचं, म्हणून मी कधी विचारलं नाही. त्या रविवारी मात्र गर्दी होती. वेळ अमावस्येच्या सणाला शेतावर आलेली माणसं आपापल्या गावी परतत होती. त्यामुळे आम्हाला समोरासमोर बसावं लागलं.

बाईनं भाऱ्यातून मूठभर डहाळे ओढून माझ्या ओटीत टाकले. "खावा ताई. लेकीच्या रानातले हायत. पानगावात दिलीय तिला." मग ह्यांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या शिवदोऱ्याकडं तिचं लक्ष गेलं. "म्हणजे तुम्ही आपल्यातलेच की. कुठवर जायलात?"

"उदगीरला," हे म्हणाले. "किल्ला बघायला."

"किल्ला बघायला?" तिला गंमत वाटली. "आमचं घर किल्ल्याच्या वाटेवरच हाय. जन्म गेला तिथं, पण मुद्दाम बघायला म्हणून काय मी गेले नाही."

तिचं नाव शिवकांताबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटा मुलगा सिद्धेश्वर उदगीरच्या एका दालमिलमध्ये नोकरीला होता. लातूर रोड येईपर्यंत हे सगळं तिनं सांगून टाकलं आणि मग विचारलं, "तुम्हाला लेकरं किती?"

मी हरभरा सोलत होते. नेहमी कोणी असं विचारलं की मी उठून जायची. त्या गर्दीत उठायलाही जागा नव्हती.

"एकच मुलगी," हे म्हणाले. "मंजिरी. परभणीला शेतकी कॉलेजात आहे. तिसऱ्या वर्षाला."

"हॉस्टेलला राहती?"

"हॉस्टेललाच. शनिवारी येते घरी कधी कधी. पण आता अभ्यास वाढला."

"आणि जेवणाचं कसं करती?"

"तिथलं जेवण आवडत नाही तिला. मग ही चटण्या, धपाटे बांधून देते," असं म्हणत ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर खिडकीकडं वळवली.

मंजिरी जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. बारावीची परीक्षा दिली, निकालाची वाट बघत होती. ताप आला, तो डोक्यात गेला. लातूरच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी ती गेली.

शिवकांताबाई माझ्याकडं बघून हसत होती. "एकुलती म्हटल्यावर आईचा जीव लागतच असतंय," ती म्हणाली. मी मान हलवली. हातातला हरभरा तोंडात टाकला आणि वडवळ नागनाथ येईपर्यंत तो चावत बसले.

उदगीरला सिद्धेश्वर आईला घ्यायला आला होता. पंचविशीचा, उंच, सावळा मुलगा. भारा त्यानं एका हातात उचलला. आईनं त्याला आमची ओळख करून दिली आणि वर हुकूम सोडला, "ह्यांना किल्ला दाखव, मग जेवायलाच घेऊन ये. आपल्यातलीच माणसं हायत. हॉटेलात जाऊ द्यायचं नाही."

मी नको नको म्हणत होते. हे म्हणाले, "बरं आहे. येऊ की."

किल्ल्यात शिरायला बराच उतार उतरून जावं लागतं. तिन्ही बाजूंनी दरी, चौथ्या बाजूला खंदक. सिद्धेश्वर पुढं चालत होता आणि हे त्याच्या बरोबरीनं. पेशव्यांची आणि निजामाची लढाई इथं झाली, एवढं मला ठाऊक होतं. हे त्याला तोफा कुठं असतील, पाणी कुठून आणत असतील, असं विचारत होते. मुलाला जे माहीत होतं ते तो सांगत होता, नसेल तिथं "ते मला नाही सांगता यायचं, काका," म्हणत होता. उदागीर बाबांच्या समाधीपाशी तो चप्पल काढून आत गेला, तेव्हा आम्ही दोघंच बाहेर राहिलो.

"असं का सांगितलंत?" मी विचारलं.

हे कमानीवरचं फारसी लिखाण बघत होते. "किती बारीक कोरलंय बघ."

"मी काय विचारतेय?"

"मुलगा चांगला आहे," हे म्हणाले. "नाही?"

तेवढ्यात सिद्धेश्वर अंगारा घेऊन बाहेर आला. आधी त्यानं माझ्या हातावर ठेवला, मग ह्यांच्या. पुढं महालाच्या भिंतीवरून ह्यांचा पाय जरा घसरला तेव्हा त्या मुलानं त्यांना दंडाला धरून सावरलं, आणि तिथून उतरेपर्यंत तो दंड सोडला नाही. ह्यांनीही सोडवून घेतला नाही. मी मागून चालत होते. ह्यांच्या चालण्यात इतकी ऐट मी कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती.

जेवायला गव्हाची गोड हुग्गी, भाकरी, डहाळ्याच्या कोवळ्या दाण्यांची आमटी होती. एवढ्या वेळात तिनं हे कसं केलं कोणास ठाऊक. घर तीन खोल्यांचं, सारवलेलं. आत देवघर, पुढं पडवी. शिवकांताबाई वाढता वाढता ह्यांना मंजिरीबद्दल विचारत होती. उंची किती, रंग कोणावर गेलाय, स्वयंपाक येतो का. हे सांगत होते. उंची माझ्याएवढी. रंग आईचा. स्वयंपाकात गती कमी, पण पोळ्या गोल करते. पोळ्यांचं खरं होतं. मी खाली मान घालून जेवत होते.

जेवणं झाल्यावर सिद्धेश्वर पान आणायला बाहेर गेला. तो मुद्दाम गेला हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. शिवकांताबाई पदरानं हात पुसत माझ्यासमोर येऊन बसली.

"ताई, मला आडून बोलायला येत नाही. माझ्या पोराला तुम्ही बघितलाव. पगार फार नाही, पण व्यसन नाही, आणि बोलायला कसा हाय ते दादांनीच बघितलंय. तुमची मंजिरी आम्हाला द्या. शिकल्यावर तिला नोकरी करायची असली तर करू दे, मी अडवणार नाही. मला लेक गेल्यापासून घर लई मोठं वाटायलंय."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ते कपाळावरचा घाम पुसत होते. गाडीतल्या माणसांनी त्यांना कॉलेज विचारलं असेल, हॉस्टेल विचारलं असेल, पण मुलगी मागितली नव्हती.

शिवकांताबाई वाट बघत होती.

"तिचं ठरलंय," मी म्हणाले.

"ठरलंय?"

"हो. मागच्याच महिन्यात. आम्ही अजून कोणाला सांगितलं नाही."

तिचा चेहरा उतरला आणि पुन्हा सावरला. "बरं झालं की मग. चांगल्या घरात पडली ना? झालं तर." ती उठून आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात नारळ, हळद-कुंकू आणि हिरवा खण होता. माझी ओटी भरली. खण वेगळा हातात दिला. "हा मंजिरीला. सुनंसाठी म्हणून घेऊन ठेवला होता. आता तिच्यासाठीच काढला म्हटल्यावर परत ट्रंकेत काय ठेवायचा."

मी तो घेतला. नाही कसा म्हणणार होते?

स्टेशनवर आम्हाला सोडून सिद्धेश्वर गेला. जाताना वाकून दोघांच्या पाया पडला. परतीच्या गाडीला वेळ होता. आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो. समोर रुळांपलीकडे डाळीच्या पोत्यांची थप्पी होती आणि तिच्यावर दोन माणसं झोपली होती.

हे म्हणाले, "कोणाशी ठरवलंस?"

मला वाटलं, आता मी ओरडेन. पण त्यांनी ते इतक्या हळू विचारलं होतं की माझ्यानं ओरडवलं नाही.

"मला काय माहीत," मी म्हणाले. "तुम्ही सुरू केलंत."

"मुलगा चांगला असायला हवा."

"अहो, कधीपासून सांगताय तुम्ही हे लोकांना?"

"पहिल्या रविवारपासूनच. ठरवून नाही. घाटनांदूरला जाताना एका माणसानं विचारलं, मुलं किती. तोंडातून निघून गेलं, एक मुलगी आहे म्हणून. मग तो म्हणाला, काय करते. तिथं आता काय सांगणार?"

"आणि प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. परळीत तिचं नाव कोणी काढत नाही. मी काढलं तर लोक दुसरंच काही बोलायला लागतात. तूसुद्धा. तुला दोष देत नाही. पण गाडीत कोणाला माहीत नसतं, प्रभा. गाडीत असेपर्यंत ती असते."

दीड वर्ष मी समजत होते की आपण देवळं बघायला जातो, किल्ले बघायला जातो. हा माणूस दर रविवारी नवीन माणसं शोधायला निघत होता, जी आम्हाला ओळखत नव्हती.

"शेतकी कॉलेजात कशाला घातलंत?" मी विचारलं. "तिला ऊन सोसायचं नाही."

"परभणी जवळ पडतं," ते म्हणाले. "शनिवारी येता येतं."

मी तोंड फिरवून पोत्यांकडं बघत बसले. हिरवा खण माझ्या मांडीवर होता. त्याच्याकडं बघत हे म्हणाले, "आजवर बोललो ते वाऱ्यावर गेलं. माणसं उतरून गेली, विसरली. ह्या बाईनं मात्र घरातलं काढून दिलं." ते उठले.

"कुठं?"

"तिला सांगून येतो."

"गाडी यायची वेळ झालीय."

"येऊ दे."

मी त्यांच्या मागं निघाले. बाजाराच्या कोपऱ्यावर आलो तेव्हा मागून गाडीची शिट्टी ऐकू आली. दोघांनीही वळून बघितलं नाही.

शिवकांताबाई पडवीत बसून उरलेले डहाळे सोलत होती. सिद्धेश्वर सायकलला हवा भरत होता. आम्हाला बघून ती म्हणाली, "गाडी चुकली होय? बसा, सकाळच्याला जावा."

हे बसले नाहीत. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. माझ्या हातातला खण घेतला आणि तिच्यासमोर ठेवला.

"बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो. आमची मुलगी शिकत नाही. तिचं लग्नही ठरलेलं नाही. ती वारली. अडीच वर्षं झाली."

'वारली' हा शब्द मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तेराव्याच्या दिवशीही तो त्यांनी उच्चारला नव्हता.

सिद्धेश्वरचा हात पंपावर थांबला. शिवकांताबाईनं सूप बाजूला केलं. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल, आणि बोलली असती तर तिचा हक्कच होता. ती उठली, आतून तांब्या आणला, ह्यांच्या पायावर पाणी घातलं आणि म्हणाली, "आत या."

आम्ही आत जाऊन बसलो. खण तिनं उचलून पुन्हा माझ्या मांडीवर ठेवला. "पोरीच्या नावानं दिलाय. पोरीच्याच घरी राहू द्या." मग ह्यांच्याकडं वळून सरळ विचारलं, "काय झालं होतं लेकराला?"

परळीत हे कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊकच होतं. हे सांगू लागले. ताप, गावातला डॉक्टर, लातूरला हलवणं. हे सगळं मलाही माहीत होतं. मी खाली बघत ऐकत होते. सांगता सांगता चौथा दिवस आला तेव्हा मी उठून बाहेर जाणार होते.

कारण चौथ्या दिवशी मी तिथं नव्हते. तीन रात्री माझा डोळा लागला नव्हता. सकाळी हेच म्हणाले होते, ताईकडं जाऊन आंघोळ करून ये, दोन घास खाऊन ये, तिला आता बरं वाटतंय. माझ्या नणंदेचं घर तिथंच होतं. मी गेले. मंजिरीसाठी पेज घेऊन परत आले तेव्हा तिच्या अंगावर पांढरी चादर ओढलेली होती. तुम्ही मला पाठवलंत, हे वाक्य अडीच वर्षं माझ्या घशात होतं. मी ते कधी बोलले नाही, आणि त्या तासाभरात काय झालं हे विचारलंही नाही. ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

"ही गेली आणि थोड्या वेळानं मंजूला शुद्ध आली," हे शिवकांताबाईला सांगत होते. माझ्याकडं बघत नव्हते. "चांगली शुद्ध आली. मला ओळखलं. म्हणाली, आई कुठंय. मी म्हटलं येतेय. पुन्हा म्हणाली, आई कुठंय. डॉक्टर पळत होते, नर्स मला बाहेर व्हा म्हणत होती. मंजूनं माझं मनगट धरलं होतं. मग मी तिला म्हटलं, आली, आली बघ. दारात चप्पल काढतेय."

सिद्धेश्वर दारात उभा होता, तो हळूच आत येऊन भिंतीला टेकून बसला.

"मग तिनं मान वळवली. दाराकडं बघत राहिली. खोटं बोललो मी तिच्याशी. शेवटचं जे बोललो ते खोटं बोललो. हिला कुठल्या तोंडानं सांगू?"

शिवकांताबाई म्हणाली, "दादा, दाराकडं बघत गेली ना? म्हणजे आईलाच बघत गेली की."

हे रडले. अडीच वर्षांत रडले नव्हते, ते त्या परक्या घराच्या जमिनीवर, दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून रडले. मी बायकांच्या बाजूला बसले होते. तिथून उठले आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. लोकांसमोर त्यांच्या पाठीवर हात ठेवायची सवय मला नव्हती. ठेवला.

रात्री आम्ही तिथंच राहिलो. सकाळी शिवकांताबाईनं धपाटे बांधून दिले आणि दारातूनच निरोप दिला. त्याच वर्षी वैशाखात सिद्धेश्वरचं लग्न भालकीच्या मुलीशी झालं. आम्ही गेलो होतो. शिवकांताबाईनं ह्यांना मानाचा फेटा बांधायला लावला. त्यानंतर आम्ही रविवारी क्वचितच बाहेर पडलो. घरीच बसायचो, आणि मंजूचं काहीतरी निघायचं. कधी तिचं पोळ्या करणं, कधी तिचं सायकलवरून पडणं. काही आठवणी त्यांच्याकडं होत्या ज्या मला माहीत नव्हत्या, काही माझ्याकडं होत्या. हे जाऊनही आता चार वर्षं होतील.

पण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. आम्ही दोघं उदगीरच्या स्टेशनकडं चालत निघालो होतो. थंडी होती. दालमिलचं काम नुकतंच सुरू झालं होतं आणि रस्ताभर तुरीच्या टरफलांचा वास होता. हे माझ्यापुढं दोन पावलं चालायचे, नेहमीसारखे. मी त्यांना गाठलं.

"अहो, एक विचारू?"

"विचार."

"घाबरली होती का ती?"

ते चालायचे थांबले. आठवून बघत राहिले, जणू तोंडून काही चुकीचं निघायला नको होतं.

"आधी घाबरली होती," ते म्हणाले. "तू आलीस म्हटल्यावर नाही."